एका नावाएवढी जागा

आमच्या मुरबे गावात लग्न ठरलं की आधी दोघांना सांगावा जायचा. एक वत्सलाकाकीला आणि दुसरा मला. मी चिंतू. चिंतू साउंड सर्व्हिस म्हणजे मीच, मालकही मी आणि वायरी गुंडाळणाराही मी. माझ्याकडे भोंगे, माइक, मिक्सर असा सगळा संसार, तिच्याकडे नुसता गळा. माझे भोंगे नसते तरी तिचं काही अडलं नसतं. खाडीपलीकडे सातपाटीच्या बंदरावर जाळी विणत बसलेली माणसं वाऱ्यावरचा आवाज ऐकून सांगायची, आज मुरब्यात हळद आहे. यात थोडं मीठमसाला लावून सांगणं असेल, पण माझ्या भोंग्यांबद्दल असंसुद्धा कुणी कधी बोललं नाही.

वत्सलाकाकी आमच्या गल्लीतली धवलारीण. धवलारीण म्हणजे हळदीची, लग्नाची गाणी म्हणणारी बाई. आमच्याकडे हळद भटजीने लागत नाही, तिच्या गाण्याने लागते. नवरीच्या पाटाला पाट लावून ती बसते आणि गाण्यात नवरीचं नाव गुंफते. ज्या नावाने गाणं, त्या नावाची हळद. नाव घेतलं नाही तर अंगाला नुसता पिवळा रंग लागला म्हणायचा. हे खरं की खोटं, या भानगडीत मी कधी पडलो नाही. लहानपणापासून ऐकत आलो, तेच सांगतो.

एरवी ती सुके बोंबील घेऊन पालघरच्या बाजारात बसायची. नवरा पंढरी बोटीवर, घरात असला तरी नसल्यासारखा. मुलगा दिपेश बोईसरला एका कारखान्यात शिफ्टमध्ये. मुलगी मेघाली. बाजारात काकीचं तोंड असं चालायचं की भाव करायला आलेली बाई बोंबील घेऊन वर माफी मागून जायची. मला तर तिने आयुष्यभर ‘भोंग्या’ म्हणूनच हाक मारली. आता ती हाक ऐकायला मिळत नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं. असं कधी वाटेल याची कल्पना नव्हती.

मेघालीचं लग्न वडराईच्या मुलाशी झालं. आईने स्वतःच्या पोरीच्या हळदीचं गाणं म्हणू नये, असं आमच्यात मानतात. म्हणून सातपाटीहून दुसरी धवलारीण आणली होती. ती बिचारी दोन कडवी म्हणते न म्हणते तोच काकी उठली, तिला खांद्याला धरून बाजूला सरकवलं आणि स्वतः पाटावर बसली. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. काकीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘दर्याचे काठी तांबडा फुटला, मेघाली बायेचे गालाव उतरला.’

असं तिने सुरू केलं आणि मांडवातल्या बायकांची कुजबुज थांबली. मी मिक्सरवर बसलो होतो, माझ्या अंगावर काटा आला. धंद्यातल्या माणसाच्या अंगावर असा सहजासहजी काटा येत नाही, त्याला फक्त बिघडलेल्या वायरी ऐकू येतात. दिपेशने माझ्या मिक्सरमधून एक वायर थेट त्याच्या रेकॉर्डरला जोडली होती. त्यामुळे त्या रेकॉर्डिंगमध्ये पोरांचा आरडाओरडा नाही, भांड्यांचा आवाज नाही. काकीचा गळा आणि मेघालीचं नाव, एवढंच.

वर्ष पुरं व्हायच्या आत मेघाली पहिल्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं.

काकी इतकी रडली की तिचा आवाज बसला. आम्हाला वाटलं, रडून बसला आहे, उठेल. तो उठलाच नाही. शेवटी दिपेश तिला मुंबईला घेऊन गेला तेव्हा कळलं की आत कॅन्सर आहे. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि स्वरयंत्र काढलं. मानेला पुढून एक भोक राहिलं, त्यातून ती श्वास घेते. बोलायला गेली की ओठ हलतात आणि त्या भोकातून नुसती हवा बाहेर येते. आमच्या गावातल्या बायांनी तेव्हा जे म्हटलं ते लिहायला लाज वाटते. आईने पोरीची हळद गायली म्हणून हे झालं, असं तिच्या ओटीवर बसून, तिच्याच घरचा चहा पिऊन म्हणाल्या. ती ऐकत होती.

त्यानंतर हळदीला तिला बोलावणं यायचं, पण पाहुणी म्हणून. पाटाशेजारी कुणीतरी फोन ठेवायचं आणि त्यातून कुठल्यातरी परक्या बाईची गाणी वाजायची. काकी मागच्या रांगेत खुर्चीवर बसायची, मानेला रुमाल गुंडाळून. एकदा मी पाहिलं, ती जेवण न घेताच घरी निघून गेली.

दिपेशच्या डोक्यात ती खटपट तेव्हाच शिरली असणार. त्याला होम थिएटरचं वेड आधीपासून. कारखान्यातल्या एका साहेबाने टाकून दिलेला जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकर आणून त्याने घरात पाच कोपऱ्यांत पाच आवाज लावले होते आणि जमिनीवर तो धम्म वाजणारा मोठा डबा. सगळी गाणी, सगळे व्हिडिओ माडीवरच्या कॉम्प्युटरमध्ये. तिथून ते वायफायच्या डब्यातून खाली येत. मला हे पटत नसे. वायर नाही तर आवाज कुठून जातो, हे दिसलं पाहिजे असं माझं मत.

‘आणि आपल्या गल्लीत नेट कुठं असतं रे?’ मी त्याला डिवचलं. ‘वारा आला की टॉवर झोपतो.’

‘काका, नेट लागतच नाय. हा डबा नि कॉम्प्युटर नि खालचा ॲम्प्लिफायर, तिगं एकमेकांशीच बोलतात. घरातलं घरात. बाहेरच्या जगाचा काय संबंध नाय.’

‘मग माझ्या पोटावर पाय आला म्हणायचा.’

‘तुमचा आवाज गल्लीला लागतो, माजा घराला,’ तो हसून म्हणाला.

त्याने मेघालीच्या हळदीचं ते रेकॉर्डिंग घेतलं आणि त्याची दुसरी प्रत बनवली. तिच्यात जिथे जिथे मेघालीचं नाव होतं तिथे तिथे कात्री मारून तेवढी जागा मोकळी ठेवली. म्हणजे गाणं येणार, ‘दर्याचे काठी तांबडा फुटला’, मग क्षणभर काही नाही, आणि त्या क्षणात मांडवातल्या बायकांनी आपल्या नवरीचं नाव घ्यायचं. मग पुढे पुन्हा काकीचा आवाज. मी ते ऐकलं आणि तोंडात बोट घातलं. पोराने आईला आवाज परत आणून दिला होता.

मी म्हटलं, ‘पेनड्राइव्हवर घालून दे, मी भोंग्यावर लावतो, गाव ऐकेल.’ तो एकदम कडक झाला. ‘आयचा आवाज कुणाच्या हातात देणार नाय, काका. एकदा बाहेर गेला की कुणीपण डीजेत घालून वाजवील. तो आमच्या घरात राहील, घरातूनच जाईल. नि आय पाटावर बसेल तवाच वाजेल.’ पुढे जे झालं ते या हट्टामुळे, असं कुणी म्हणतात. मी म्हणत नाही. त्या पोराचं काही चुकलं नव्हतं.

आणि ती चाल जमली. आमच्या गल्लीतल्या नव्या घरांत आता हॉल असतात, भिंतीवर मोठा टीव्ही असतो, होम थिएटर असतं. बोटीला चांगली मासळी लागली की घरात पहिलं तेच येतं. दिपेश आपला वायफायचा डबा बांबूला बांधून गच्चीवर उभा करायचा. लग्नघराचं होम थिएटर त्या डब्याला जोडलं की त्याच्या माडीवरच्या कॉम्प्युटरमधलं गाणं तिथे वाजायचं. काकी नवरीशेजारी पाटावर, नवी साडी, मानेला नवा रुमाल, पदराखाली फोन. फोनवर चित्रं होती. तिला वाचता येत नव्हतं म्हणून दिपेशने समईचं चित्र लावलं होतं, ते दाबलं की गाळलेल्या जागांचं गाणं सुरू. तिचे ओठ गाण्याबरोबर हलायचे. दोन-तीन हळदी अशा झाल्या. डोळे मिटले तर काही बदललं आहे असं वाटत नसे. बायका पुन्हा तिच्या पाया पडू लागल्या, निघताना नारळ आणि साडी देऊ लागल्या. काकीची पाठ सरळ झाली. बाजारातसुद्धा खुणांनी भाव करायला लागली, आणि खुणांनीसुद्धा समोरच्याला गप्प करायची.

दुसरं चित्र मेघालीचं होतं, हळदीत माखलेलं. ते दाबलं की पूर्ण गाणं वाजायचं, नावासकट. ते फक्त तिच्यासाठी. रोज दुपारी जेवणं झाली, दिपेश कामावर गेला की ती दार लोटून घ्यायची आणि ते लावायची. माझ्या ओटीवर मला ऐकू यायचं. मेघाली बाये, मेघाली बाये. पाच कोपऱ्यांतून. मी तेवढा वेळ माझा रेडिओ बंद ठेवायचो.

मग हंसाच्या जागृतीचं लग्न आलं. हंसा म्हणजे काकीच्या घरासमोरच्या वामनची बायको. वामनच्या दोन बोटी, घर गल्लीत सगळ्यात उंच, होम थिएटरही तसंच. नवरामुलगा दांडी गावचा. जागृती आणि मेघाली शाळेत एका बाकावर बसलेल्या, एकमेकींच्या घरी जेवलेल्या. काकीने या हळदीची वाट स्वतःच्या घरचं कार्य असल्यासारखी पाहिली होती. मांडवाला उंबराची फांदी बांधली तेव्हाही ती खाली उभी राहून हातांनी सांगत होती, अजून डावीकडे, अजून वर.

हळदीच्या संध्याकाळी दिपेशने सगळं जोडून दिलं आणि तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. रात्रपाळीचा माणूस आला नव्हता, याला जाणं भाग होतं. जाताना तो आईला म्हणाला, ‘आय, समईवर दाब. बाकी कायपण करू नको.’ तिने त्याला हाताने हाकललं, जा म्हणून. रोजचं काम तर होतं.

रोजचं होतं, तिथेच घात झाला. तिचा अंगठा रोज दुपारी ज्या चित्रावर जायचा त्याच चित्रावर गेला.

मी बाहेर मांडवात माझे भोंगे लावत होतो. आतून पहिली ओळ आली, ‘दर्याचे काठी तांबडा फुटला’, आणि हॉलमधल्या बायकांनी एकसुराने ‘जागृती’ म्हणायला तोंडं उघडली. त्यांच्या आवाजावर चढून वामनच्या पाचही स्पीकरांतून आलं, ‘मेघाली बायेचे गालाव उतरला.’

मी हातातली वायर टाकून आत धावलो. जागृती पाटावर, अर्ध्या गालाला हळद, डोळे विस्फारलेले. तिच्या गालावर हळद लावणाऱ्या बाईचा हात तसाच हवेत. दुसरं कडवं आलं, पुन्हा मेघाली. कुणीतरी रडायला लागलं. दांडीहून नवऱ्याकडच्या चार बायका हळद घेऊन आल्या होत्या, त्या उठून भिंतीला जाऊन टेकल्या.

काकीच्या हातात फोन होता. थांबवायचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं. तिने ते दाबलं नाही. डोळे मिटून ती डोलत होती, ओठ हलत होते. इतक्या माणसांत तिच्या पोरीचं नाव कित्येक दिवसांनी मोठ्याने घेतलं जात होतं. तिने का दाबलं नाही ते मला तेव्हाच कळलं आणि मला तिचा भयंकर राग आला. तिसऱ्या कडव्याला मी होम थिएटरची पिन भिंतीतून उपटली.

‘काय केलंस गो वत्सला?’ हंसा ओरडली. ‘माज्या पोरीच्या हलदीत गेलेलीचं नाव? मी तुला पाटावर बसवली नि तू हे केलंस?’

काकीने डोळे उघडले. काय झालं ते तिला तेव्हा समजलं असावं. तिने हात जोडले, फोन दाखवला, अंगठा दाखवला, जागृतीच्या गालाला हात लावायला गेली. हंसाने तो हात झटकला. काकी बोलायला बघत होती आणि मानेच्या रुमालामागून शिट्टीसारखी हवा येत होती. तो आवाज ऐकून एक पोर घाबरून रडायला लागलं. मी तिला दंडाला धरून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामन दिपेशच्या दारात आला. गावातले दोन जाणते बरोबर, आणि ‘याला यंत्रातलं कळतं’ म्हणून मलाही बोलावलेलं. लग्न त्याच दुपारचं होतं. दांडीहून निरोप आला होता, हळद मेलेल्या पोरीच्या नावाने लागली, आता वरात निघायची नाही. ते नाव यंत्रातून काढा, मग हळद पुन्हा लावा, मग पाहू.

‘मी कुणाला वाजवून दाखवणार नाय,’ दिपेश म्हणाला. शिफ्टवरून तसाच आलेला, डोळे लाल. ‘कुलूप घालतो. दुसरीकडं नेऊन ठेवतो.’

‘ते ऐकत नाय, पोरा,’ वामन म्हणाला. ‘नाव हाय तवर हलद तिचीच, असं म्हणतात. माज्या पोरीला आता कोण नेईल? तुमी सांगा, मी काय करू?’ एवढा दोन बोटींचा मालक, पण उंबऱ्यात बसून रडायला लागला. मला त्याच्यावरही चिडता येईना.

‘माजी बहीण हाय त्यात,’ दिपेश म्हणाला. ‘दुसरं कायच नाय तिचं आमच्याकडं.’

काकी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती उठली. वामनच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि माडीवर चढली. आम्ही मागोमाग गेलो. तिने कॉम्प्युटरकडे बोट केलं, मग मेघालीच्या चित्राकडे, मग दिपेशकडे पाहून हाताने विचारलं, कुठलं बटण? दिपेश मान हलवत राहिला. तिने त्याच्या थोबाडीत मारली. नंतर त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याने बोटाने बटण दाखवलं.

तिने दाबलं. कॉम्प्युटर अशा वेळी एकदा विचारतो, नक्की का म्हणून. आमच्यापैकी कुणीही तिला ते विचारलं नव्हतं. तिने पुन्हा दाबलं. मग दिपेशने ज्या ज्या कोपऱ्यात त्याचा अंश राहिला असेल तो जाणत्यांसमोर पुसला, आणि काही ठेवलं नाही अशी दर्याची आण घेतली. तो आण मोडणारा पोरगा नाही.

जागृतीला पुन्हा हळद लागली. सातपाटीहून धवलारीण आणली. वरात आली, लग्न झालं, पोरगी दांडीला सुखात आहे. हे सगळं बरं झालं, बरं झालं असंच मी म्हणतो. पण वत्सलाकाकीला त्या दिवसापासून कुणी पाटावर बोलावलं नाही. पाहुणी म्हणूनही नाही. गाळलेल्या जागांचं गाणं कॉम्प्युटरमध्ये तसंच होतं, ते कुणाला नको होतं.

पावसाळ्यानंतर एकदा भर दुपारी ती माझ्या दुकानात आली. आण घेतलेल्या दिपेशने तिचं ऐकलं नव्हतं, म्हणून माझ्याकडे आली होती. दिपेशचा वायफायचा डबा माझ्या दुकानापर्यंत पोचतो, तिने फोनवर गाणं लावलं. पहिली ओळ झाली, मग मोकळी जागा आली, तिथेच तिने गाणं थांबवलं आणि माझ्या माइककडे पाहिलं. मला वाटलं, तिला मी नाव म्हणायला हवं आहे. मी घसा खाकरला, माइक घेतला आणि ‘मेघाली’ म्हटलं. माझा आवाज म्हणजे लग्नात ‘जेवणाच्या पंगती बसल्या आहेत’ सांगणारा. मलाच ते ऐकवेना.

तिने मान हलवली. माझ्या हातातून माइक घेतला. रुमाल सोडला आणि माइक तोंडाशी न नेता मानेच्या त्या भोकाशी धरला. मला खूण केली, चालू कर.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. ओठ हलले, छाती भरली, आणि हवा आली. नुसती हवा. तिने ते परत केलं, पुन्हा केलं, गाण्यात जितक्या वेळा नाव येतं तितक्या वेळा केलं, लय धरून. मी हेडफोन लावून बसलो होतो आणि मला रडू आवरत नव्हतं. दिपेशला मी स्वतः गाठलं. म्हटलं, हे त्या जागांत बसव, आणि मला अक्कल शिकवू नकोस. यात कुणाचं नाव नाही, तुझी आण मोडत नाही. त्याने बसवलं.

आता रोज दुपारी काकीच्या घरातून तिचा जुना आवाज येतो, ‘दर्याचे काठी तांबडा फुटला’, आणि मग पाचही स्पीकरांतून ती हवा येते. जमिनीवरच्या डब्यामुळे माझ्या ओटीची फरशीसुद्धा थोडी थरथरते. जाणारे येणारे मला सांगतात, त्यांचा स्पीकर फाटलाय, चिंतू, जरा बघ. हंसाने पण एकदा सांगितलं.

मी तिला म्हटलं, स्पीकरला काही झालेलं नाही. ती पोरीला हाक मारते आहे. हंसा आत गेली आणि तिने खिडकी लावून घेतली.